चुकीचा रकाना

२००३ च्या श्रावणात मी तीन पानांचे एक टिपण लिहिले. सभासदांना घरासाठी पंधरा वर्षांचे कर्ज, व्याजदर साडेआठ टक्के, आणि तो शेवटच्या हप्त्यापर्यंत बदलणार नाही, अशी योजना त्यात मांडली होती. कोल्हापुरातल्या एका नागरी सहकारी बँकेचा कर्ज विभाग तेव्हा माझ्याकडे होता. व्याजदराच्या जोखमीचे तक्तेही मीच भरत असे. म्हणजे कर्ज द्यावे असे सुचवणारा मी, आणि ते बँकेला पेलेल का हे तपासणाराही मीच. टिपणाखाली सही माझी होती. म्हणून हे लिहितो आहे.

तेव्हा दर उतरत चालले होते. १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचा बँक रेट १२ टक्के होता, तो एप्रिल २००३ मध्ये ६ वर आला. राजारामपुरीत, शाहूपुरीत मोठ्या बँकांचे आणि गृहवित्त कंपन्यांचे एजंट फिरू लागले होते. कळंबा, फुलेवाडी, उचगाव भागात प्लॉट पाडले जात होते आणि घर बांधणारा माणूस आमच्याकडे चौकशी करून कर्ज मात्र दुसरीकडून घेत होता. आपले सभासद, ज्यांच्या वडिलांचे शेअर्स आपल्याकडे, त्यांना आपण घर बांधून देऊ शकत नाही, याची मला मनापासून खंत वाटायची. कायम दर हे आमचे वेगळेपण ठरेल असे वाटले. ठेवींवर आम्ही साडेसहा टक्के देत होतो. साडेआठ वजा साडेसहा, दोन टक्के हातात राहतात. इतका सरळ हिशेब मी मांडला.

संचालक मंडळाच्या सभेत विषय पंधरा-वीस मिनिटांत मंजूर झाला. फक्त एकांनी प्रश्न विचारला. गुजरीत त्यांची पिढीजात पेढी होती. ते म्हणाले, "साहेब, आमच्याकडे गिऱ्हाईक येतं, दहा तोळ्यांचं काम सांगतं, भाव आजचा ठरवून आगाऊ रक्कम देतं. दागिना महिन्याने द्यायचा असतो. पण आम्ही दहा तोळे सोनं त्याच दिवशी संध्याकाळी भरून ठेवतो. भाव आज ठरला की माल आजच भरायचा. तुम्ही तर पंधरा वर्षांचा भाव आज ठरवताय. माल भरलाय का?"

मी उत्तर दिले की आपल्या ठेवी स्थिर आहेत, ठेवीदार पिढ्यान् पिढ्यांचे आहेत, पैसा कुठे जात नाही. त्यांनी मान डोलावली. त्यांचे समाधान झाले होते की त्यांनी माझ्या शब्दाला मान दिला, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी विचारले होते दराचे. मी उत्तर दिले होते पैशाचे. हा फरक तेव्हा माझ्याच ध्यानात आला नाही.

घराचे कर्ज देणाऱ्याची अडचण तशी कुणालाही कळण्यासारखी आहे. कर्ज पंधरा-वीस वर्षांचे. ते ज्या पैशातून दिले, ती ठेव एक, दोन, फार तर तीन वर्षांची. मधल्या काळात दर वाढले तर ठेवीदाराला जास्त व्याज द्यावे लागते आणि कर्जदार मात्र ठरल्या दराने हप्ता भरत राहतो. या तफावतीवर नजर ठेवता यावी म्हणून रिझर्व्ह बँकेने १९९९ मध्ये व्यापारी बँकांना मत्ता आणि दायित्वांचे तक्ते भरायला लावले. आमच्यासारख्या नागरी बँकांकडे ती पद्धत नंतर आली, पण आम्ही आधीपासूनच आमच्यापुरते तक्ते करत होतो. मला त्याचा अभिमान होता.

तक्ते दोन. दोन्हींना आडवे रकाने जवळजवळ सारखेच: १ ते १४ दिवस, १५ ते २८ दिवस, मग ३ महिने, ६ महिने, १ वर्ष, ३ वर्षे, ५ वर्षे आणि त्यापुढचे. पहिला तक्ता तरलतेचा. त्यात विचारायचे की हा पैसा परत कधी मागितला जाईल? दुसरा व्याजाचा. त्यात विचारायचे की या पैशावरचा दर कधी बदलेल? रकाने सारखे असल्यामुळे दोन्ही तक्ते वरवर भावंडांसारखे दिसतात, आणि मी ते तसेच भरले.

शाहूपुरीतल्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या ठेवीदार होत्या. दरवर्षी मे महिन्यात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या पावत्या घेऊन यायच्या. पिशवी स्वच्छ धुऊन वाळवलेली असायची. पावत्या काउंटरवर मांडायच्या आणि म्हणायच्या, "व्याज खात्याला टाका, मुद्दल राहू दे तसंच." मुदत नेहमी एक वर्ष. उसाचे बिल आले की खेड्यांतून येणारे ठेवीदारही असेच. एक वर्षाची पावती, पुन्हा एक वर्षाची, पुन्हा एक वर्षाची. दहा-दहा वर्षे पैसा हललेला नाही. मी गेल्या अनेक वर्षांचे नूतनीकरण तपासले आणि एक वर्षाच्या ठेवींपैकी निम्म्याहून जास्त रक्कम उचलून '३ ते ५ वर्षे' या रकान्यात टाकली. तरलतेच्या तक्त्यात हे योग्यच होते, कारण पैसा खरोखरच राहणार होता. पण तोच आकडा मी व्याजाच्या तक्त्यातही त्याच रकान्यात लिहिला. कागदावर आमच्या ठेवी लांब मुदतीच्या झाल्या, कर्जेही लांब मुदतीची होती, तफावत छोटी दिसली आणि तीन पानांच्या टिपणाला तो तक्ता जोडला गेला.

बाई माझ्या अंदाजाप्रमाणे दर मे महिन्यात आल्या. त्यांनी एक रुपयाही दुसरीकडे नेला नाही. फक्त दरवर्षी नवा दर विचारला. २००४ च्या शेवटापासून रिझर्व्ह बँकेने दर हळूहळू वाढवायला घेतले. रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो दर, ६ टक्क्यांवर होता, तो जुलै २००८ अखेर ९ वर गेला. बाजारात ठेवींची ओढाताण सुरू झाली. बाईंच्या पावतीवर साडेसहाचे साडेसात झाले, मग साडेआठ, आणि २००८ च्या पावसाळ्यात दहा. त्यात त्यांचे काही चुकले नाही, तो त्यांचा हक्कच होता. पैसा टिकला होता. त्यावरचा दर दरवर्षी बदलणारच होता, आणि तो बदलण्याचा दिवस प्रत्येक पावतीवर छापलेला होता. मी तो वाचलाच नव्हता.

हिशेबाला सोपे पडावे म्हणून कायम दराची कर्जे वीस कोटींची धरू. साडेआठने दिलेली, साडेसहाने उभारलेली: वर्षाला ४० लाख रुपये शिल्लक. ठेवीचा दर दहा झाला की तीच कर्जे वर्षाला ३० लाखांचा खड्डा पाडतात. पगार, भाडे, वीजबिल अजून धरलेलेच नाही. आणि कर्जदार सगळे नियमित. एकही हप्ता थकलेला नाही. बँकेत आपल्याला शिकवलेले असते की कर्ज बुडते ते न फेडणाऱ्यामुळे. इथे प्रत्येक जण पाच तारखेच्या आत हप्ता भरत होता आणि बँक प्रत्येक हप्त्यावर तोटा सोसत होती. तपासायला, नोटीस काढायला, जामीनदाराकडे जायला कुणीच नव्हते. त्या तोट्याला तोंडच नव्हते.

दुसरी चूक याच चुकीला जोडून होती, आणि ती मला जास्त लाज आणणारी आहे. कायद्याने ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. २००३ मध्ये दर पडत असल्यामुळे रोख्यांचे भाव चढत होते, आणि गुंतवणुकीच्या बैठकीत मी लांब मुदतीचे रोखे घ्यावेत असा आग्रह धरला. दर आणि रोख्याचा भाव ही तराजूची दोन पारडी. ६ टक्के व्याजाचा दहा वर्षांचा रोखा १०० रुपयांना घेतला आणि बाजारातला दर ८ झाला, तर त्या रोख्याला साधारण ८६ रुपये मिळतात. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर २००३-०४ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास खाली गेला होता आणि २००८ च्या जुलैत ९ च्याही वर गेला. २००४ मध्येच रिझर्व्ह बँकेला बँकांना काही रोखे 'मुदतपूर्तीपर्यंत धरून ठेवायचे' या गटात हलवण्याची मुभा द्यावी लागली, इतकी ही झळ सगळीकडे होती. आम्ही गुंतवणूक चढउतार निधीत आधीच्या नफ्यातून रक्कम बाजूला काढली होती, त्यावर निभावले.

लाज अशासाठी की कर्जांत माझी बाजी दर खाली राहण्यावर होती, तेव्हा रोखे घेताना तरी मी आखूड मुदतीचे घ्यायला हवे होते. दर वाढल्यावर एका बाजूला मार बसला, तरी दुसऱ्या बाजूने नवे रोखे जास्त दराने घेता आले असते. मी दोन्ही बाजूंनी एकच बाजी लावली. कर्ज विभाग आणि गुंतवणूक हे दोन वेगळे विषय आहेत असे मी समजत होतो. फायली वेगळ्या, बैठका वेगळ्या, कपाटे वेगळी. धोका मात्र एकच होता.

२००५ च्या मध्यावर मी कायम दराची योजना बंद करायला लावली आणि नवी सर्व घरकर्जे बदलत्या दराने, ज्याला आपण फ्लोटिंग म्हणतो तशी, द्यायला सुरुवात केली. देशातल्या बहुतेक कर्जसंस्थांचा जोखमीवरचा उपाय तेव्हा हाच होता आणि मुख्यतः आजही हाच आहे. ठेवीचा दर वाढला की कर्जाचा दर वाढवायचा. आम्ही तर आमचा मूळ दर आमच्याच सभेत ठरवायचो, त्याला बाहेरचे कुठलेही माप नव्हते. पुढच्या तक्त्यात ही कर्जे '३ महिने' या रकान्यात गेली, तफावत जवळजवळ मिटली, आणि मी सभेत सांगितले की व्याजदराची जोखीम आता राहिलेली नाही. 'राहिलेली नाही' हे शब्द इतिवृत्तात आहेत.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला अजूनही जड जाते.

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर म्हणून काम करणारे एक गृहस्थ होते. सप्टेंबर २००५ मध्ये त्यांनी ५ लाख रुपये घेतले, ८ टक्के दराने, पंधरा वर्षांसाठी. हप्ता ४,७७८ रुपये. वय त्रेचाळीस. पंधरा वर्षे मुद्दाम मागितली होती, कारण अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. अर्जावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तसे लिहिले होते. नाराजी नको म्हणून मंडळाने तीन वर्षे जुन्या कर्जदारांचे दर धरून ठेवले. मग कायम दराच्या कर्जांचा खड्डा दिसायला लागला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये आम्ही फ्लोटिंग कर्जांचा दर एकदम ११ टक्के केला. त्या वाढीत ठेवींचा वाढलेला खर्च होता, तसाच माझ्या २००३ च्या टिपणाचा तोटाही होता. कायम दरवाल्यांना हात लावता येत नव्हता, म्हणून बदलत्या दरवाल्यांकडून तो भरून घेतला. असे कुठेही लिहिले गेले नाही. पण दर किती वाढवायचा याचा हिशेब मीच केला होता, त्यामुळे मला ठाऊक आहे.

हप्ता वाढवला तर लोक काउंटरवर येतील, म्हणून हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली. संगणकात एक खूण करायची असते, बाकी तो आपोआप करतो. कुणालाही पत्र गेले नाही.

२००९ च्या एप्रिलमध्ये ते गृहस्थ आयकरासाठी व्याजाचा दाखला घ्यायला आले. दाखला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. हातात मागच्या वर्षीचाही दाखला होता. दोन्ही कागद त्यांनी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. कोपऱ्यांना काळ्या वाळूचे ठसे होते. मुद्दलाच्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ ओढलेली होती, दोन्हीकडे. "हप्ता मी तेवढाच भरतोय नव्हं साहेब," ते म्हणाले, "मग मुद्दल कमी का फिटतंय?"

मी खाते उघडले. दर वाढला तोपर्यंत छत्तीस हप्ते भरून त्यांनी बँकेला १ लाख ७२ हजार दिले होते, आणि पाच लाखांतले ४ लाख ४१ हजार अजून उभे होते. दर ८ असता त्यांच्या पुढच्या हप्त्यातले १,८३५ रुपये मुद्दलात गेले असते. ११ झाल्यावर ७३२ जात होते. उरलेले १४४ हप्ते २०६ झाले होते. बासष्ट हप्ते म्हणजे पाच वर्षे आणि वर दोन महिने, सगळे अठ्ठावन्नाव्या वर्षानंतरचे.

मी ते समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "मुदत न वाढवता भरायचं म्हटलं असतं, तर हप्ता किती झाला असता?" मी यंत्रावर आकडे घातले. ५,५३४.

"म्हणजे साडेसातशे जास्त." त्यांनी कागदावर स्वतः वजाबाकी केली, ७५६ लिहिले. "एवढं तर मी ओव्हरटाइममध्ये काढतो. विचारलं का न्हाई मला?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. महिना साडेसातशे रुपये जास्त भरून त्यांची एकूण जवळपास १ लाख ८५ हजार रुपयांची बचत होत होती. एका साध्या पोस्टकार्डाचा प्रश्न होता. जोखीम राहिलेली नाही असे मी ज्या सभेत सांगितले, तिथून ती उठून या माणसाच्या घरी राहायला गेली होती. बँकेला तिच्यावर नजर ठेवायला तक्ता होता, अधिकारी होता, निधी होता. त्यांच्याकडे पेन्सिल होती.

त्याच सुमारास चाक उलटे फिरले. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या सात महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो ९ वरून ४.७५ वर आणला. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेने पहिल्या वर्षी ८ टक्के दराची घरकर्जे बाजारात आणली. आमचे कर्जदार विचारू लागले, आता दर कमी करा. आम्हाला करता येईना. कारण २००८ मध्ये घाबरून आम्ही दहा टक्के दराच्या तीन-तीन वर्षांच्या ठेवी गोळा केल्या होत्या. आता ठेवी लांब आणि कर्जे आखूड. तीच तफावत, तोंड फिरवून. दर उतरतील तेव्हा काय, हा रकाना मी कधी रंगवलाच नव्हता. ज्यांची पगारपत्रके चांगली, ते कर्ज उचलून दुसऱ्या बँकेत घेऊन गेले. आम्ही जाताना त्यांच्याकडून दोन टक्के शुल्क घेतले. जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने फ्लोटिंग घरकर्जावरचे असे शुल्क बंद केले, ते योग्य केले असे मी तेव्हाही म्हटले होते. मागे राहिले ते वयाने मोठे, कच्च्या नोकरीचे, ज्यांना दुसरीकडे कुणी उभे करत नव्हते असे. चढा दर त्यांच्यावर राहिला.

२०१० मध्ये मी पुण्याला रिझर्व्ह बँकेच्या कृषी बँकिंग महाविद्यालयात प्रशिक्षणाला गेलो. तिथे पहिल्यांदा मला व्याजदराची अदलाबदल, म्हणजे स्वॅप, कुणीतरी फळ्यावर नीट काढून दाखवली. भारतात या व्यवहाराला १९९९ मध्ये परवानगी मिळाली होती. मी २००३ मध्ये टिपण लिहिले तेव्हा ती चार वर्षे जुनी गोष्ट होती आणि मी तिचे नावही नीट वाचले नव्हते.

यात मुद्दल कुणी कुणाला देत नाही. समजा माझी वीस कोटींची कर्जे कायम दराची आहेत. मी एका मोठ्या बँकेशी पाच वर्षांचा करार करतो की वीस कोटींवर मी तुम्हाला ठरलेला दर देईन, तुम्ही मला बाजारातला रोजचा दर द्या. दर वाढले की त्यांच्याकडून मला येणारी रक्कम वाढते आणि त्यातून ठेवीदाराचे वाढलेले व्याज भागते. दर पडले तर मला भरावे लागते, पण तेव्हा ठेवीही स्वस्त झालेल्या असतात. कमाई फार होत नाही, खड्डाही पडत नाही. गुजरीतल्या पेढीवर संध्याकाळी सोने भरून ठेवतात ते हेच. एचडीएफसीसारखी गृहवित्त संस्था याच साधनाचा उपयोग उलट्या दिशेने करायची. तिची बरीच कर्जे बदलत्या दराची आणि उसनवारी ठरलेल्या दराच्या रोख्यांवर, म्हणून ती अदलाबदल करून उसनवारीचा दर बदलता करून घ्यायची.

फळ्यापुढे बसून मी एक प्रश्न विचारला होता: कर्जदार मध्येच कर्ज फेडून गेला तर? शिकवणाऱ्यांनी खडू खाली ठेवला. खरी गाठ तिथे आहे, ते म्हणाले. दर पडले की कर्जदार जातो, आणि अदलाबदलीचा करार मात्र गळ्यात राहतो, तोही तोट्यात गेलेला. अमेरिकेत तीस वर्षांची कायम दराची घरकर्जे सर्रास असतात आणि ती कधीही फेडता येतात, म्हणून तिथले सावकार निम्मी अक्कल कर्जदार कधी जाईल याचा अंदाज बांधण्यात खर्च करतात, शिवाय त्यासाठी वेगळे हक्क विकत घेतात, किंवा कर्जेच बांधून रोख्यांच्या रूपाने विकून टाकतात. माझा एक भाचा न्यू जर्सीला असतो. त्याने २०२१ च्या सुरुवातीला तीन टक्क्यांच्या आत तीस वर्षांचे कर्ज घेतले. २०२३ मध्ये तिथे नव्या कर्जाचा दर पावणेआठवर गेला होता. त्याचा हप्ता जागचा हलला नाही. फोनवर तो ते सांगत होता आणि मला एवढेच विचारावेसे वाटले की त्याची ही निश्चिंती कुणी पेलली आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. ठेवी मागताक्षणी द्यायच्या, आणि पैसा लांब मुदतीच्या, बऱ्याच अंशी घरकर्जांवरच्या रोख्यांत. बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माझा तक्ता आला.

डेन्मार्कची पद्धत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. तिथे घरकर्ज दिले की तेवढ्याच रकमेचे, तेवढ्याच मुदतीचे रोखे बाजारात विकले जातात. कर्ज आणि पैसा यांची मुदत जुळलेलीच असते. दर वाढून रोख्याचा भाव पडला तर कर्जदार तेच रोखे स्वस्तात विकत घेऊन आपले कर्ज मिटवू शकतो. रोखा आणि कर्ज यांची जोडी शेवटपर्यंत सुटत नाही.

आमच्याएवढ्या बँकेला स्वॅप पेलणारा नव्हता. समोर करार करायला तयार होणारा पक्ष हवा, रोजचा हिशेब ठेवणारी माणसे हवीत. पण सोने भरण्याचा आमचा एक मार्ग होता आणि तो माझ्या काउंटरवर दुधाच्या पिशवीतून येत होता. पुण्याहून परतल्यावर मी बाईंना विचारले, "पाच वर्षांसाठी ठेवाल का? अर्धा टक्का जास्त देतो." त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाल्या, "मला आजवर कुणी पाच वर्षांचं विचारलंच नव्हतं." सगळी रक्कम नाही, पण निम्मी त्यांनी ठेवली. मग मी मंडळापुढे नवे टिपण ठेवले. पाच वर्षांच्या जेवढ्या ठेवी, तेवढ्याच रकमेची कर्जे पाच वर्षे ठरल्या दराने द्यायची, त्यापुढे नाही. पाच वर्षांनी दर पुन्हा ठरेल हे कर्जदाराच्या अर्जावर मोठ्या अक्षरात लिहायचे. आणि दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला विचारायचे. गुजरीतले ते संचालक तेव्हाही मंडळावर होते. त्यांनी पूर्ण टिपण वाचले, तक्त्यावर बोट फिरवले आणि "आता भरलाय माल," एवढेच म्हणाले. सात वर्षांपूर्वीचा प्रश्न त्यांच्या लक्षात होता.

शेवटच्या मुद्द्याबद्दल, विचारण्याबद्दल, रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रकच काढले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून साडेसहावर गेला होता आणि देशभर कर्जदारांच्या मुदती न सांगता लांबल्या होत्या. त्यात सांगितले होते की दर बदलला की कर्जदाराला कळवायचे, हप्ता की मुदत की दोन्ही याची निवड त्याला द्यायची, ठरल्या दराकडे वळण्याचा पर्याय ठेवायचा, आणि मुदत इतकी ताणायची नाही की हप्त्यातून व्याजही सुटू नये. शेवटची अट वाचणाऱ्याला विचित्र वाटेल, पण आकडे घालून पाहा. १० लाख, वीस वर्षे, ८ टक्के, हप्ता ८,३६४. दर सुरुवातीलाच १० झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर महिन्याचे व्याजच ८,३३३ होते. कर्ज फिटायला छप्पन्न वर्षे लागतात. सव्वादहा झाला तर ते कधीच फिटत नाही, वाढत जाते. परिपत्रक आले तेव्हा मी निवृत्त झालो होतो. घरी दोनदा वाचले.

उद्यमनगरच्या त्या गृहस्थांचा हप्ता मी २००९ च्या एप्रिलमध्ये, ते आले त्याच आठवड्यात, त्यांच्या इच्छेप्रमाणे ५,५३४ केला, मधल्या महिन्यांचा फरक त्यांनी दोन वेळा मिळून भरला. त्यानंतर मी फ्लोटिंग घरकर्जांची सगळी खाती काढली. ज्यांची मुदत त्यांच्या निवृत्तीच्या वयापुढे गेली होती, त्यांची यादी हाताने केली, कारण संगणकात जन्मतारखेचा रकाना बहुतेकांचा कोरा होता. अर्जाच्या मूळ फायली उघडून तारखा घेतल्या. प्रत्येकाला पत्र लिहिले: मुदत किती होती, किती झाली, हप्ता किती वाढवला तर पूर्ववत होईल. मंडळाच्या अध्यक्षांनी परवानगी देताना कपाळाला आठ्या घातल्या, पण दिली. बरेच जण आले. काहींनी हप्ता वाढवला, काहींनी नको म्हटले, परिस्थिती नव्हती. काही रागावून बोलले, ते ऐकून घेतले.

उचगावच्या पत्त्यावरचे एक पाकीट परत आले. पोस्टमनने निळ्या शाईत शेरा मारला होता, 'घर सोडून गेले'. खाते पाहिले तर दोन महिन्यांपूर्वी बंद झालेले होते, पूर्ण रकमेचा भरणा, सोबत घर विकल्याचा कागद. शाखेत विचारले. हप्ते संपेनात म्हणून मुलाने घर विकले आणि आई-वडील दोघांना घेऊन इचलकरंजीला भाड्याने गेला, असे शिपायाने सांगितले. माझी यादी त्या जानेवारीत तयार असती तर पत्र वेळेत गेले असते. ती मी केली मे महिन्यात. पाकीट न फोडता कर्जाच्या फाइलला लावले आणि यादीतल्या पुढच्या नावाचे पत्र लिहायला घेतले.